थांबला, पण कुठे? : सुरू होताना अडकणाऱ्या सर्व्हरच्या अभ्यासाची प्रस्तावना

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर असतो, नेटवर्कचा असतो, डेटाबेसचा तर असतोच. बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि पुढे काहीच घडले नाही तर काय करावे, याचा पेपर मात्र सहसा नसतो. ही विद्या आजवर रात्रपाळीच्या माणसांनी एकमेकांना तोंडी दिली. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांपासून जिल्हा बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या सर्व्हर-खोलीपर्यंत हे काम करणाऱ्यांत मराठी माणसे भरपूर आहेत. ‘मशीन उठत नाहीये’, ‘पोस्टलाच अडकलंय’, ‘डिस्कच दिसत नाही’ असे त्यांचे बोलणे मराठीतूनच चालते. बोलणे पुष्कळ आहे, लिखाण मात्र तुरळक. त्या बोलण्यामागची शिस्त नव्या वाचकांपुढे मांडावी आणि या विषयाची गोडी त्यांना लागावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

सर्व्हर वर्षातून एखाद-दोनदाच बंद-चालू होतो, मग त्या दहा मिनिटांसाठी वेगळा अभ्यास कशाला, अशी शंका वाचकांना येणे रास्त आहे. त्यांनी 19 जुलै 2024 हा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी आलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. तरीही विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांची घडी बसायला काही दिवस लागले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. दुरुस्ती तशी साधी होती : सेफ मोडमध्ये जायचे आणि एक फाइल काढून टाकायची. पण संगणक सुरू होतानाच कोसळत होता. दुरून पाठवलेला हुकूम घ्यायला तो जागाच होत नव्हता. असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रासमोर जाऊन बसावे लागले आणि डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आधी तिची 48 अंकी किल्ली हुडकावी लागली. चालू यंत्राचा बिघाड आणि न उठणाऱ्या यंत्राचा बिघाड यांतला फरक त्या दिवशी साऱ्या जगाला कळला.

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. सर्व्हर सुरू होतो तो ठरलेल्या क्रमाने. वीजपुरवठा स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला मिळाला की प्रोसेसर फर्मवेअरमधली पहिली सूचना उचलतो. हे फर्मवेअर जुन्या यंत्रांत बायोस असते, आताच्या यंत्रांत युईएफआय. ते मेमरी तपासते, आत बसवलेली कार्डे मोजते, रेड कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड यांना आपापली तयारी करू देते. या साऱ्या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. मग बूट डिस्क निवडली जाते आणि बूटलोडरची पाळी येते. लिनक्सवर तो बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नलला आणि त्याच्यासोबत एका छोट्या तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेला मेमरीत आणतो. कर्नल ड्रायव्हर जोडून खरी रूट डिस्क शोधतो. शेवटी प्रक्रिया क्रमांक 1, आजकाल बहुधा सिस्टिमडी, एकेक सेवा उभी करते आणि लॉगिनची ओळ दिसते. पाळी बदलताना रखवालदाराने किल्ल्यांचा जुडगा पुढच्याच्या हाती द्यावा, तशी प्रत्येक पायरी यंत्राचा ताबा पुढच्या पायरीला देते. सर्व्हर अडकतो तेव्हा तो जुडगा कोणाच्या तरी हातात राहिलेला असतो.

म्हणून या विषयात ‘काय बिघडले’ हा प्रश्न दुसरा आणि ‘कुठे थांबले’ हा पहिला. नवखा माणूस नेमके उलटे करतो. पडदा काळा दिसला की तो मेमरी बदलतो, मग डिस्क काढतो, मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायला घेतो. जागा निश्चित केल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय पुढच्या माणसासाठी एक नवा गोंधळ मागे ठेवतो. हे एक पथ्य वाचकांनी पाळले, तर पुढचा सारा तपशील त्याच्या अंगाने आपोआप लागत जातो.

जागा कशी ओळखावी, याचे एक सुरेख उदाहरण जुन्या काळातले आहे. ग्रब रुळण्यापूर्वी लिनक्सवर लिलो नावाचा बूटलोडर चाले. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी जेमतेम 446 बाइट प्रोग्रामच्या वाट्याला येत. तेवढ्यात सविस्तर संदेश मावणार कुठून? म्हणून लिलो आपल्या इंग्रजी नावाची चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवी आणि प्रत्येक अक्षर ही एका टप्प्याची पावती असे. नुसता ‘एल’ दिसून यंत्र थांबले, तर पहिला टप्पा चालला पण दुसरा डिस्कवरून उचलता आला नाही. ‘एल-आय’वर थांबले, तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालू झाला नाही. ‘एल-आय-एल’वर थांबले, तर तो चालू झाला पण त्याला लागणारी नकाशा-फाइल वाचता आली नाही. चारही अक्षरे आली की बूटलोडर पुरता मेमरीत आला, असे खुशाल समजावे. लिलोचा विकास 2015 च्या अखेरीस थांबला. त्याची वाचनपद्धत मात्र आजही जशीच्या तशी लागू पडते : पडद्यावरची शेवटची खूण बहुधा पार पडलेल्या कामाची असते आणि दोष तिच्या पुढच्या कामात असतो.

आजच्या सर्व्हरमध्ये अशा खुणा पुष्कळ आहेत, फक्त त्या निरनिराळ्या जागी विखुरलेल्या असतात. पोस्टच्या काळात फर्मवेअर प्रत्येक टप्प्याला दोन अंकी कोड देते. काही मदरबोर्डांवर तो लहानशा आकडेफलकावर दिसतो, काही यंत्रांत बीप किंवा दिव्यांच्या रंगावरून कळतो. कोडांचे अर्थ उत्पादकागणिक बदलतात, तेव्हा त्या मॉडेलची पुस्तिका जवळ हवीच. शिवाय बहुतेक सर्व्हरमध्ये मुख्य प्रोसेसरहून स्वतंत्र असा एक देखरेखीचा छोटा संगणक असतो, बीएमसी नावाचा. डेलच्या यंत्रांत तो आयड्रॅक म्हणून ओळखला जातो, एचपीईच्या यंत्रांत आयएलओ म्हणून. 1998 मध्ये इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी आणलेल्या आयपीएमआय या प्रमाणामुळे त्याच्याशी बोलण्याची एक सामायिक रीत तयार झाली. मुख्य यंत्र गप्प असले तरी बीएमसीची घटनावही उघडता येते आणि कुठल्या खोबणीतल्या मेमरीत चूक आढळली, कुठला वीजपुरवठा गेला, हे तिच्यात अनेकदा तारीखवार लिहिलेले सापडते.

वाचकांनी सुरुवातीला धीराचाही थोडा सराव करावा. शेकडो जीबी मेमरीचा सर्व्हर ती मेमरी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेऊ शकतो आणि तोवर पडद्यावर अक्षरही उमटत नाही. घरच्या लॅपटॉपची सवय असलेल्याला तो मेल्यासारखा वाटतो आणि बटण दाबून तो यंत्राला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन ठेवतो. त्यापेक्षा घड्याळ बघावे, पडद्याचा फोटो काढावा आणि कळफलकावरचे नम-लॉक दाबून बघावे. दिवा लागतो-विझतो आहे, तर आत कोणीतरी अजून काम करते आहे. आणखी एक फसवी अवस्था लक्षात ठेवा : कर्नलचे संदेश सिरियल कन्सोलकडे वळवलेले असतील, तर मॉनिटर एका ओळीवर गोठलेला दिसतो आणि सर्व्हर मात्र व्यवस्थित सुरू होऊन कामालाही लागलेला असतो.

पोस्टच्याच टप्प्यावर यंत्र खरोखर थांबले असेल, तर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. एक प्रोसेसर आणि मेमरीची एक पट्टी ठेवून बाकी सारे काढावे. यंत्र उठले की एकेक भाग परत बसवत जावे. भाग बरेच असतील तर निम्मे लावून बघावेत आणि दोष ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळा पट्ट्यांतली एक सदोष पट्टी अशा रीतीने चार फेऱ्यांत सापडते. दर फेरीला एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद, एवढे सांभाळावे.

कर्नलपर्यंत पोचलेले यंत्र बरेच बोलके असते. फक्त त्याचे तोंड बांधलेले असते. बूटच्या ओळीतला ‘क्वाएट’ हा शब्द ग्रबच्या पडद्यावर तात्पुरता खोडला की कर्नल सगळे सांगू लागतो. नव्या कंट्रोलरवर हलवलेली डिस्क त्याला दिसत नसेल, तर तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेत त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे का, हे बघावे. त्याच्याही पुढे, सेवा उभ्या राहताना, एक ओळ तुम्हाला वरचेवर भेटेल : ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि शेजारी सरकणारे सेकंद. सिस्टिमडी सहसा 90 सेकंद वाट बघते. काढून टाकलेल्या एखाद्या डिस्कचे नाव एफएस-टॅब या फाइलीत राहून गेले असेल, तर ते 90 सेकंद संपतात आणि यंत्र तातडीच्या मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत बसते. सर्व्हर अडकला, असे ज्याला म्हटले जाते ते कितीदा तरी एवढेच असते. जी डिस्क सुरुवातीला अत्यावश्यक नाही तिच्यापुढे ‘नोफेल’ हा पर्याय लिहिला असता, तर रात्रीचा फोन वाचला असता.

दोष शोधताना ‘काय बदलले?’ असे विचारावे, हा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यच आहे. सर्व्हरच्या बाबतीत त्याला एक पुस्ती जोडावी लागते. वर्षभर बंद न झालेल्या यंत्रात त्या वर्षात कर्नल अद्ययावत झालेला असतो, एफएस-टॅबमध्ये कोणी ओळ घातलेली असते, मदरबोर्डवरची तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी उतरत आलेली असते. यातले काहीच चालू यंत्राला जाणवत नाही. पहिल्या रीस्टार्टला सगळा हिशेब एकदम पुढे येतो आणि आदल्या दिवशी काम केलेल्या बिचाऱ्यावर आळ येतो. तेव्हा प्रश्न असा विचारावा : मागच्या यशस्वी रीस्टार्टपासून काय काय बदलले?

या शोधात बुद्धीला किती वाव आहे, हे दाखवणारी एक हकिकत नोंदवण्याजोगी आहे. सप्टेंबर 2019 मध्ये लिनक्स कर्नल 5.3 च्या अखेरच्या चाचण्या चालू असताना एका विकसकाचा संगणक सुरू होताना अडकू लागला. माग काढत गेल्यावर बोट आले एक्स्ट-4 फाइल-व्यवस्थेतल्या एका सुधारणेवर. त्या सुधारणेत चूक काहीच नव्हती. उलट तिच्यामुळे डिस्कच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. पण यादृच्छिक आकडे बनवण्यासाठी कर्नल डिस्कच्या हालचालींच्या वेळांमधली अनियमितता गोळा करीत असे. फेऱ्या घटल्या, अनियमितता अपुरी पडली आणि सुरुवातीलाच यादृच्छिक आकडा मागणारा लॉगिनचा कार्यक्रम ताटकळत राहिला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 5.3 प्रसिद्ध करताना ती सुधारणा मागे घेतली आणि 5.4 मध्ये अशी अनियमितता कर्नलने स्वतःच निर्माण करण्याची सोय केली. काम सुधारले म्हणून बूट अडकले. असा कार्यकारणभाव केवळ अंदाजाने सापडत नाही. कोण कोणाची वाट बघत आहे, हे पायरीपायरीने विचारत गेल्यावरच तो हाती येतो.

वाचकांनी या विषयाची सुरुवात जिवंत सर्व्हरवर करू नये. आपल्या संगणकावर एक आभासी यंत्र उभारावे, त्याची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मग ते मुद्दाम बिघडवावे : एफएस-टॅबमध्ये नसलेल्या डिस्कची ओळ घालावी, ग्रबमधला रूट डिस्कचा पत्ता बदलावा, तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेची फाइल दुसरीकडे हलवावी. प्रत्येक वेळी पडद्यावर काय दिसते ते लिहून ठेवावे आणि मगच दुरुस्त करावे. पुस्तकी वाचनापेक्षा ही वही तुम्हाला अधिक उपयोगी पडेल. प्रोसेसरच्या अंतरंगाचे सखोल ज्ञान त्यासाठी आधीच हवे, असे मुळीच नाही. क्रम पाठ असला आणि डोळे उघडे असले की पुरते.

शेवटी एक विनंती. तुमच्या ताब्यातला सर्व्हर पुढच्या वेळी ठरवून रीस्टार्ट होईल, तेव्हा चहाला जाऊ नका. कन्सोलसमोर बसा, वीज लागल्यापासून लॉगिनची ओळ येईपर्यंत प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहा आणि तो कागद रॅकच्या दारावर चिकटवा. ज्याने निरोगी सर्व्हर सुरू होताना नीट पाहिला आहे, त्यालाच अडकलेला सर्व्हर कुठे थांबला हे ओळखता येते.