घरगुती उपद्रवी जीव व परजीवी : पेण–रोहे परिसर

माणसाच्या घरात, धान्यात, अंथरुणात किंवा प्रत्यक्ष शरीरावर व शरीरात राहून उपजीविका करणारे जीव. उंदीर, घूस, ढेकूण, पिसू, डास, धान्यातील किडे, उवा, खरजेचे किडे व आतड्यांतील कृमी हे त्यांपैकी प्रमुख होत. रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांत या जीवांशी माणसाचा संबंध विशेष निकटचा राहिला आहे. सु. ३०० सेंमी. पाऊस, दमट हवा, भातशेती, खाडीकाठची खारजमीन व घराला लागून असलेला गोठा ही त्याची कारणे होत.

घर व उपद्रव : या भागातील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा कुडाच्या, छप्पर पेंढ्याचे वा कौलांचे व जमीन शेणाने सारवलेली असे. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणून भात, सरपण व पेंढा घरातच किंवा माळ्यावर साठवावा लागे. माणसाला पावसापासून वाचविणारी ही रचना उंदरांनाही तितकीच सोयीची होती. खाटेच्या सांध्यांत ढेकूण, गोठ्यात गोचिडी व पिसवा आणि भातात टोके व सोंडे किडे यांचे वास्तव्य गृहीतच धरले जाई.

त्यांच्याविरुद्धचे उपाय हे मुख्यतः स्त्रियांच्या नित्यकर्माचा भाग होते. भात पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून किंवा शेणामातीने लिंपलेल्या कणगीत ठेवीत. कडधान्याला राख चोळीत. धान्यात कडुलिंबाचा पाला घालीत. खाटा उन्हात टाकून त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतीत. संध्याकाळी गोठ्यात धूर करीत. पावसाळ्यात मात्र ऊन नसल्याने वाळविण्याचे सर्व उपाय थांबत आणि नेमका तोच काळ उपद्रवी जीवांच्या वाढीचा असे.

शरीरातील व शरीरावरील परजीवी : चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ७) कृमींचे २० प्रकार सांगितले असून त्यांत उवांसारखे बाहेरचे व आतड्यांतील असे दोन्ही येतात. उपचाराचे मार्ग तीन : कृमी ओढून काढणे (अपकर्षण), त्यांना पोषक अशी शरीरातील स्थिती नष्ट करणे (प्रकृतिविघात) व ते होण्याचे मूळ कारण टाळणे (निदानपरिवर्जन). घरगुती औषधे मुख्यतः पहिल्या दोन मार्गांची होती. जंतांवर वावडिंग, खरजेवर करंजेल व उवांवर सीताफळाच्या बियांची पूड वापरीत. ही पूड डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. अंकुशकृमीला मात्र घरगुती उपाय पुरा पडत नसे. या कृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात व प्रौढ कृमी आतड्यात रक्त शोषतात. उघड्यावर शौच आणि अनवाणी शेतकाम यांमुळे त्याचा फेरा अखंड चाले. त्यातून येणारा पांडुरोग व थकवा यांकडे रोग म्हणून न पाहता अंगचा आळस म्हणून पाहिले जाई. त्याचा दोष अनेकदा कष्टकऱ्यांच्या माथी आला.

खारजमीन व उंदीर : खारेपाटात भरतीचे पाणी अडविणाऱ्या बांधांवर भातशेती अवलंबून असते. घुशी व खेकडे या बांधांना भोके पाडतात आणि लहानशा भोकातून शिरलेले खारे पाणी पुढे बांध फोडते. एका शेताचा बांध फुटला, तरी शेजारची शेतेही नापीक होतात. म्हणून बांधांची राखण व डागडुजी गावकरी सामुदायिक रीतीने करीत. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्यानंतर व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्यानुसार त्यांपैकी पुष्कळ काम शासनाकडे आले. कातकरी लोक मात्र कापणीनंतर उंदरांची बिळे खणून त्यांत साठलेले भात मिळवीत व उंदीरही खात. शेतकऱ्याचे नुकसान हा त्यांच्या तुटीच्या दिवसांतील आधार होता.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ए. जी. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पेणचे अंतोरे बंदर व कुंडलिका नदीकाठचे रोहे यांचा मुंबईशी भाताचा व्यापार होता. मुंबई सोडून निघालेल्या लोकांबरोबर साथ कोकणात पसरली व १८९७ मध्ये कुलाबा जिल्ह्यातही पोहोचली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला; परंतु घरांची झडती, विलगीकरण व प्रवाशांची तपासणी हे उपाय माणसांवर केंद्रित होते. पॉल लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये उंदरावरील पिसूमार्फत प्लेग पसरतो असे दाखविले; तथापि ते मत सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन कारणीभूत झाले. दरम्यान उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत रुळली होती. कारण ठाऊक नसतानाही हा उपाय योग्य होता, कारण त्यामुळे माणूस उंदरापासून व त्याच्या पिसवांपासून दूर जाई.

डीडीटीचा काळ : १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारल्याने देशभर हिवताप झपाट्याने घटला. आरंभी ढेकूण व पिसवाही मेल्याने लोकांनी फवारणीचे स्वागत केले. काही वर्षांत ढेकणांत प्रतिकारक्षमता निर्माण झाली. फवाऱ्याने ढेकूण वाढतात, असा समज पसरून अनेक ठिकाणी लोक फवारणी नाकारू लागले. शिवाय फवारलेल्या भिंती सणावारी पुन्हा सारवल्या जात व औषधाचा थर शेणामातीखाली झाकला जाई. स्वच्छतेची जुनी रीत व नवा उपाय यांचा असा विरोध झाला. १९७६ मध्ये देशात हिवतापाच्या सु. ६४ लाख रुग्णांची नोंद झाली व १९७७ पासून सुधारित योजना अंमलात आली. १९८९ मध्ये डीडीटीचा शेतीतील वापर बंद करण्यात आला.

सद्यःस्थिती : नारूविरुद्धच्या लढ्याने वेगळा मार्ग दाखविला. या रोगावर लस वा खात्रीचे औषध नव्हते. पाणी गाळून पिणे व पायविहिरी बंद करणे यांवर भर देण्यात आला. महाराष्ट्रासह रोगग्रस्त असलेल्या भारतात शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. आतड्यांतील कृमींसाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल देतात. संडास व पादत्राणे यांशिवाय त्याचा परिणाम टिकत नाही. सिमेंटच्या घरांनी ढेकूण व पिसवांचा आसरा कमी केला, परंतु खारेपाटात गोड्या पाण्याच्या टंचाईमुळे पाणी पिंपांत साठवावे लागते व अशा उघड्या साठ्यांत डेंग्यूचा डास वाढतो. उंदरांच्या मूत्राने दूषित चिखलात अनवाणी उतरणाऱ्या भातलावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उपद्रवी जीवांना मारण्याचे प्रत्येक साधन काही काळानंतर अपुरे ठरले असून पाणी, शौच, धान्यसाठा व चिखलातील काम यांची व्यवस्था जेथे बदलली, तेथेच सुधारणा टिकली, असे या परिसराच्या इतिहासावरून दिसते.