हरवलेले क्रियापद

माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्याच्या मुलीचे लग्न होते. पाळकसाहेबांनी बायबलातील ‘इफिसकरांस पत्र’ उघडून पाचवा अध्याय वाचला. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, अशा आशयाचे वचन येताच शेजारचे आजोबा आजींकडे वळून म्हणाले, “ऐकलंस ना?” आजी काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते मौन माझ्याबरोबर घरापर्यंत आले, आणि मी पुस्तके काढून बसलो.

हे पत्र मुळात ग्रीक भाषेतले, प्रेषित पौलाच्या नावाने चालत आलेले. त्याची एक फार जुनी प्रत, सुमारे इ. स. २०० च्या सुमाराची, पपायरसवर लिहिलेली आहे. तिची काही पाने डब्लिनला, तर काही अमेरिकेत मिशिगनला आहेत. गंमत अशी की, या प्रतीत आजोबांच्या लाडक्या २२ व्या वचनाला क्रियापदच नाही! चौथ्या शतकातील व्हॅटिकनच्या प्रतीतही नाही.

मग अर्थ लावायचा कसा? ‘राम आंबा खातो, सीता पेरू’ असे आपण म्हणतो, तेव्हा सीतेचे ‘खाणे’ रामाकडूनच उसने येते. तसेच येथे आहे. हे क्रियापद २१ व्या वचनातून येते. आणि तेथे सांगितले आहे ते सर्वांनी एकमेकांच्या अधीन होण्याविषयी. पुढे वचनांना आकडे पडले ते १५५१ साली, पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या हातून. नंतरच्या अनेक आवृत्त्यांनी या दोन वचनांमध्ये मथळाही घातला, आणि एका श्वासातले वाक्य दोन घरांत वाटले गेले.

पत्नीची अधीनता २४ व्या वचनात पुन्हा आली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु पत्नीला तीन वचने सांगून पत्रकार पतीकडे वळतो, आणि तेथे बराच वेळ थांबतो. पतीने हुकूम करावा, असे तो कोठेच म्हणत नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला, तशी प्रीती कर, असे सांगतो. ज्या रोमन जगात कुटुंबप्रमुखाची सत्ता कायद्यानेच मानलेली होती, तेथे हे ऐकणाऱ्या पुरुषांना ते सोपे वाटले नसेल.

आजोबा पुन्हा भेटले, तर मी त्यांना एवढेच विनवीन : वाचन एक वचन आधीपासून सुरू करा, आणि या खेपेस आजींना मोठ्याने वाचू द्या.