तबकडीचा पुनर्जन्म

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें डोळ्यांपुढें येतात. ध्वनिमुद्रणाची तबकडी त्या पंक्तींत सहसा कोणी बसवीत नाहीं. त्यांतून ती नाचाच्या संगीताची असेल, एका हंगामापुरती काढलेली व दुसऱ्या हंगामांत अडगळींत पडलेली असेल, तर तिला इतिहासाचें साधन म्हणणें पुष्कळांस थट्टेचें वाटेल. परंतु अमेरिकेंतील शिकागो शहरांत व त्यामागून इंग्लंडांत 1980 ते 1995 ह्या पंधरा वर्षांत जें नवें संगीत जन्मास आलें, त्याची हकीगत अशाच तबकड्यांनीं जपून ठेविली आहे. हाऊस, रेव्ह आणि जंगल हीं त्याचीं नांवें. त्या जुन्या तबकड्या आतां पुन्हां नव्यानें छापून निघत आहेत, आणि त्यांच्या ह्या पुनर्जन्माबरोबर एक जुना प्रश्नही वर आला आहे. तबकडी परत आली. पण तिच्या कर्त्याचें देणें कोणी फेडलें काय?

ह्या कथेचा आरंभ एका होळीपासून करावा लागतो. 12 जुलै 1979 रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर बेसबॉलचे दोन सामने ठेविले होते. तेथील नभोवाणीवरील स्टीव्ह डाल ह्या निवेदकास डिस्को संगीताचा मोठा तिटकारा होता. जो कोणी डिस्कोची एक तबकडी नाशासाठीं घेऊन येईल त्याला 98 सेंटांत आंत सोडावें, असें ठरलें. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत गोळा झालेल्या तबकड्यांची पेटी स्फोटानें उडविण्यांत आली. प्रेक्षक मैदानांत घुसले, आणि दुसरा सामना खेळतांच आला नाहीं. डिस्को हें बऱ्याच अंशीं कृष्णवर्णीयांच्या, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि समलिंगी लोकांच्या नृत्यगृहांत वाढलेलें संगीत होतें. म्हणून ह्या होळींत केवळ संगीताचा कंटाळा नव्हता, त्या संगीतावर जगणाऱ्या माणसांविषयींचा द्वेषही होता, असें अनेकांचें मत पडलें. त्या दिवशीं प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम व्हिन्स लॉरेन्स नांवाचा एक कृष्णवर्णीय मुलगा करीत होता. लोकांनीं आणलेल्या पुष्कळ तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या, असें त्यानें पुढें सांगितलें आहे.

ज्या शहरांत ही होळी पेटली त्याच शहरांत तिच्या राखेंतून नवा अंकुर फुटला. 1977 मध्यें तेथें 'वेअरहाऊस' नांवाचें एक नृत्यगृह उघडलें होतें. वेअरहाऊस म्हणजे वखार. तेथें तबकड्या वाजविण्यासाठीं न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स ह्यास आणिलें होतें. डिस्कोच्या नव्या तबकड्या दुर्मिळ होऊं लागल्या तेव्हां त्यानें जुन्याच गाण्यांचे तुकडे फितीवर जोडून तीं लांबविलीं व त्यांना यंत्राच्या ठोक्यांची जोड दिली. वखारीवरून त्या संगीतास 'हाऊस' हें नांव पडलें. 1984 मध्यें जेसी साँडर्स व तोच व्हिन्स लॉरेन्स ह्यांचें 'ऑन अँड ऑन' हें गीत निघालें. हाऊस संगीताची पहिली तबकडी म्हणून सामान्यतः तिचाच निर्देश होतो. ज्या मुलानें तबकड्यांची राख पाहिली, त्याच्याच हातून नव्या तबकडीची पेरणी झाली.

ह्या तरुणांपाशीं वाद्यवृंद नव्हता. जपानच्या रोलंड कंपनीचीं टाकाऊ ठरलेलीं यंत्रें हेंच त्यांचें भांडवल. एकट्यानें गिटार वाजविणाऱ्यास साथ मिळावी म्हणून त्या कंपनीनें 1981 मध्यें टीबी-303 हें खर्जाचें यंत्र काढिलें. तें कोणास आवडलें नाहीं, आणि 1984 मध्यें त्याचें उत्पादन बंद पडलें. जुन्या बाजारांत तें स्वस्तांत मिळूं लागलें. शिकागोच्या फ्यूचर ह्या मंडळीनें त्याच्या खुंट्या उलटसुलट फिरवून चिरका, वळवळता नाद काढिला, आणि 1987 मध्यें 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. टाकलेल्या वस्तूंतून नवें निर्माण करणें हाच ह्या सबंध परंपरेचा स्वभाव आहे.

परंतु तबकडी छापणारे आणि संगीत करणारे ह्यांचे हितसंबंध एक नव्हते. ट्रॅक्स ह्या संस्थेचे चालक लॅरी शर्मन ह्यांच्यापाशीं शिकागोंत तबकड्या छापण्याचा स्वतःचा कारखाना होता. जुन्या, न खपलेल्या तबकड्या दळून त्याच मालाच्या नव्या छापल्या जात, अशी त्याची ख्याति होती. त्यामुळें त्या काळच्या कित्येक प्रतींत संगीताबरोबर खरखरही भरपूर ऐकूं येते. लॅरी हर्ड ह्यांचें 'कॅन यू फील इट' हें 1986 चें वादन ह्याच संस्थेनें काढिलें. तें जगभर वाजलें. पुढें 2020 मध्यें हर्ड व गायक रॉबर्ट ओवेन्स ह्यांनीं मानधन मिळालें नाहीं म्हणून ह्या संस्थेविरुद्ध अमेरिकेंत दावा लाविला. 2022 मध्यें त्यांत तडजोड झाली व त्यांच्या रचनांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. हक्क परत यावयास छत्तीस वर्षें लागलीं.

पिकतें तेथें विकत नाहीं, ह्या म्हणीचा प्रत्यय पुढें आला. अमेरिकेंत मूठभर नृत्यगृहांपुरतें राहिलेलें हें संगीत इंग्लंडच्या तरुणांनीं डोक्यावर घेतलें. 1987 च्या अखेरीस डॅनी रॅम्पलिंग ह्यानें दक्षिण लंडनमधील एका व्यायामशाळेंत 'शूम' हें नृत्यगृह सुरू केलें. 1988 च्या उन्हाळ्यांत ही लाट देशभर पसरली. 1989 मध्यें लंडनभोंवतीं फिरणाऱ्या एम-25 ह्या रस्त्याच्या आसपास शेतांत, रिकाम्या गोदामांत हजारों तरुण रात्ररात्र नाचूं लागले. ह्या मेळ्यांना 'रेव्ह' म्हणत. त्यांत मादक गोळ्यांचा सुळसुळाट होता व त्यापायीं कांहींचे प्राणही गेले, हें लपविण्याचें कारण नाहीं. मे 1992 मध्यें वुस्टरशायर परगण्यांतील कॅसलमॉर्टन येथील माळावर वीस हजारांहून अधिक लोक जमले व आठवडाभर हटले नाहींत. अखेर 1994 मध्यें पार्लमेंटानें कायदा केला. त्यांत उघड्यावरील रात्रीच्या अशा मेळ्यांना बंदी घालतांना, पुनःपुन्हां पडणाऱ्या ठोक्यांची मालिका हें ज्याचें मुख्य लक्षण, तेंही संगीतच समजावें, अशी संगीताची व्याख्या करावी लागली. एका तालाची नोंद देशाच्या कायद्यांत व्हावी, हें क्वचितच घडतें.

ह्याच सुमारास लंडनच्या गरीब वस्त्यांत, जमैकाहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांनीं व त्यांच्या गोऱ्या सोबत्यांनीं मिळून 'जंगल' संगीत घडविलें. जमैकाचा धीमा, जड खर्ज आणि त्यावर मिनिटाला 160 हून अधिक वेगानें धांवणारा ड्रमचा ताल, असा त्याचा थाट होता. मोठ्या नभोवाणी केंद्रांनीं आरंभीं त्यास फारसें विचारलें नाहीं. म्हणून 1991 मध्यें हॅकनी भागांत सुरू झालेल्या कूल एफ्‌एम्‌ सारख्या विनापरवाना केंद्रांनीं उंच इमारतींच्या गच्चीवर गुपचूप तारा उभारून तें घरोघर पोंचविलें. पोलिसांनीं तारा उतरवाव्या व मुलांनीं पुन्हां चढवाव्या, असा तो खेळ होता. नवें गीत तयार झालें कीं प्रथम त्याची एकच प्रत कोरली जाई. ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लेप, व त्यावर कोरलेली ती 'डबप्लेट'. सुई फिरेल तसतशी ती झिजे, आणि थोड्याच दिवसांत निकामी होई. छापील तबकड्याही कित्येकदां कांहीं शेंच निघत. त्यांच्या पांढऱ्या कागदावर कर्त्याचें नांवही नसे. ह्यामुळेंच पुढें त्यांच्या जुन्या प्रतींना सोन्याचें मोल आलें.

जंगल संगीताच्या मुळाशीं जो ताल आहे, त्याची कथा सर्वांत करुण आहे. 1969 मध्यें अमेरिकेंतील द विन्स्टन्स ह्या वाद्यवृंदानें एक छोटी तबकडी काढिली. तिच्या मागल्या बाजूस 'आमेन, ब्रदर' हें वादन होतें. त्यांत मध्येंच सर्व वाद्यें थांबतात व ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तनें एकटा वाजवितो. सारा प्रकार सहा-सात सेकंदांचा. तबकडी मागें पडली. 1986 मध्यें 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ह्या, जुन्या वादनांच्या पुनर्मुद्रणाच्या मालेंत तें वादन पुन्हां छापलें गेलें, आणि तेथून ह्या चार आवर्तनांचा दिग्विजय सुरू झाला. इंग्लंडच्या मुलांनीं संगणकावर त्यांचे तुकडे केले, वेग वाढविला, क्रम बदलला, आणि एका माणसाच्या हाताच्या ठोक्यांतून शेंकडों तबकड्या उभ्या केल्या. कोलमनला त्यांतला एक पैसाही मिळाला नाहीं. 2006 मध्यें तो निराधार स्थितींत वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यालाही कांहीं मिळालें नव्हतें. शेवटीं 2015 मध्यें इंग्लंडांतील दोघा डीजेंनीं वर्गणी गोळा करून सुमारें चोवीस हजार पौंड त्याच्या हातीं दिले. कायद्यानें जें झालें नाहीं तें नाचणाऱ्यांच्या कृतज्ञतेनें थोडेंसें झालें. पण ज्याचे हात तो ताल वाजवून गेले, तो तें पाहण्यास उरला नव्हता.

आतां पुनर्मुद्रणाकडे वळूं. व्हिनाइलची तबकडी नामशेष झाली, असें विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वच म्हणत होते. प्रत्यक्षांत 2022 मध्यें अमेरिकेंत तिच्या सुमारें 4 कोटि 10 लाख प्रती खपल्या, तर सीडीच्या 3 कोटि 30 लाख. 1987 नंतर व्हिनाइलनें सीडीस प्रथमच मागें टाकिलें. नाचाच्या संगीताच्या जुन्या प्रती शेंकडों पौंडांस विकल्या जाऊं लागल्या, तेव्हां त्या पुन्हां छापण्यास ग्राहकही मिळाले. इंग्लंडांत ख्रिस हॉवेल ह्यानें 1992 मध्यें स्थापिलेली नाईटफोर्स ही संस्था आज स्वतःच्याच नव्हे, तर इतरांच्याही जुन्या तबकड्या नव्यानें काढते.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. प्रथम मूळ फीत हवी. ती हरवली असेल वा खराब झाली असेल, तर जुन्यांतली जुनी पण स्वच्छ प्रत शोधून तिच्यावरून ध्वनि उतरवावा लागतो, आणि खरखर काढतांना ठोक्याची धार बोथट होणार नाहीं, हें संभाळावें लागतें. नंतर लेप दिलेल्या चकतीवर खांचा कोरतात. तिच्यावर रुप्याचा पातळ थर व निकेलचें पुट चढवून ठसे घेतात. आणि त्या ठशांमध्यें तापलेलें व्हिनाइल दाबून तबकडी काढतात. खर्ज जितका मोठा तितकी खांच रुंद, म्हणून नाचाच्या संगीतास बारा इंची तबकडीवर थोडाच वेळ द्यावा लागतो. कोरण्याच्या चकत्या जगांत प्रामुख्यानें दोनच ठिकाणीं होत. त्यांपैकीं कॅलिफोर्नियांतील अपोलो मास्टर्सचा कारखाना 6 फेब्रुवारी 2020 रोजीं जळाला, आणि सारा भार जपानमधील कारखान्यावर आला. एवढ्या नाजूक धाग्यावर हा पुनर्जन्म लोंबत आहे.

पुनर्मुद्रणानें कर्त्याला काय मिळूं शकतें, ह्याचें उदाहरण पाहण्यास फार दूर जावयास नको. तें मुंबईंत आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षें वाजविणारे चरणजीत सिंग ह्यांनीं 1982 मध्यें 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललित अशा रागांचे स्वर त्यांनीं ज्या यंत्रांवर बसविले, त्यांत तेंच टीबी-303 होतें. शिकागोच्या तरुणांनीं हें ऐकलें होतें असें नव्हे; कोणी कोणाचें घेतलें नाहीं, यंत्र मात्र एकच. तबकडी खपली नाहीं व विसरली गेली. पुढें एडो बाउमन ह्या डच संग्राहकाच्या हातीं एक प्रत लागली. त्यानें चरणजीत सिंगांचा शोध घेतला आणि 2010 मध्यें ती पुन्हां छापली. त्यानंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या वादकास युरोपांतून आमंत्रणें आलीं व त्यांनीं तीं यंत्रें तरुण श्रोत्यांपुढें पुन्हां वाजविलीं. 2015 मध्यें ते मुंबईंत वारले. पण आपलें काम लोकांस कळलें, हें पाहून गेले.

ह्या दोन शेवटांत, कोलमनच्या आणि चरणजीत सिंगांच्या, जें अंतर आहे त्यावरूनच नव्या छापलेल्या तबकडीची परीक्षा करावी. एक कसोटी कानाची : मूळ ध्वनि निष्ठेनें आला आहे काय ? दुसरी न्यायाची : कर्त्याची संमति घेतली आहे काय, त्याचें नांव छापलें आहे काय, त्याचा वांटा त्याला पोंचतो काय ? चोरून छापलेल्या प्रतीही बाजारांत आहेत, आणि पहिल्या कसोटीस त्यांतल्या कांहीं उतरतीलही. दुसरीला त्या उतरणार नाहींत. जुन्या पोथीची नवी आवृत्ति काढणारा संपादक ग्रंथकाराचें नांव गाळीत नाहीं. तबकडीच्या बाबतींत निराळा धर्म असण्याचें कारण नाहीं.

1979 मध्यें तबकड्यांची होळी करणाऱ्यांस वाटलें होतें कीं संगीत संपलें. तें संपलें नाहीं, कारण तबकडी पुन्हां छापतां येते. माणूस मात्र पुन्हां छापतां येत नाहीं. त्याचें देणें त्याच्या हयातींतच द्यावें लागतें.