पळवणकर बंधू आणि संघाची इमानदारी



वस्तीतल्या पोरांनी मागे टेनिस बॉलची स्पर्धा भरवली. फिरत्या ढालीला नाव कोणाचं द्यायचं म्हणून विहारात बैठक बसली. आम्ही पळवणकर बाळूंचं नाव सुचवलं. तर एक वडीलधारे भाऊ उठून म्हणाले, "दादा, जो माणूस बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला, त्याचं नाव आपल्या ढालीला?" पोरं गप्पच. बाळू कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून हा लेख. आम्ही दालमिलमधले कामगार, शाळा सातवीपर्यंत. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. चूकभूल सांभाळून घ्यावी.

पळवणकर घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, चर्मकार समाजाचं. वडील पुण्याला लष्करात नोकरीला. बाळू थोरले, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे. चौघंही क्रिकेट खेळले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात बाळूंना महिना चार रुपये पगार होता. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळं बांधायचं. फावल्या वेळात साहेबांना बॉल टाकायचा. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करायचा. पण बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. बॅट साहेबाची, घाम आपला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. तिथे पेच पडला. बाळूंना घ्यावं तर विटाळ, न घ्यावं तर हार. शेवटी घेतलं. मैदानात सगळे त्यांच्या हातातला बॉल झेलत, तेव्हा विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेत, आणि बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं टेबल. पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांना बाळूंच्या गोलंदाजीने हरवलं, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनीच संघाला सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत? तेव्हा कुठे हळूहळू पंगत बदलली.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघंही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. तिथे बाळूंनी शंभराच्या वर गडी बाद केले. असा खेळाडू. पण हिंदू संघाची कप्तानी? ती काही मिळाली नाही.

इथे एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. एम. डी. पै. जातीने सारस्वत ब्राह्मण. त्यांना कप्तान केलं म्हणून त्यांच्या समाजाने सत्कार ठेवला. त्या सत्कारात उभं राहून पै म्हणाले की हा मान खरं तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. स्वतःच्या गळ्यात हार असताना, आपल्याच लोकांपुढे हे बोलणं सोपं नाही.

मग आला १९२० चा डिसेंबर, मुंबईचे चौरंगी सामने. मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्याआधी पै आजारी पडले. बाळूंना तर संघातूनच वगळलं आणि कप्तानी पुण्याच्या देवधरांना दिली. देवधर खेळाडू चांगले, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण संघात विठ्ठल होते, शिवराम होते, दोघंही जुने. ते दोघं संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आपल्याला डावललं जातं, हे जाहीर पत्रक काढून सांगितलं.

आता विचार करा. त्या दोघांना काय काय ऐकावं लागलं असेल! ऐन सामन्यात संघ सोडला, इमान नाही, वगैरे. आम्हाला विचाराल तर बेइमानी त्याआधीच झाली होती, निवड करणाऱ्यांच्या टेबलावर. शेवटी अंतिम सामन्याला पै परत आले, बाळूंना उपकप्तान केलं, भाऊही परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. पंचवीसेक वर्षांच्या खेळाची कमाई म्हणजे तेवढा वेळ. पुढे १९२३ ला विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला, तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तकही लिहून ठेवलं आहे. पोरांनी मिळवून वाचावं.

आम्ही तरुणपणी तालुक्याच्या एका कबड्डी संघात होतो. एका गावी सामना जिंकला, आणि जेवायच्या वेळी आमचं पान ओसरीच्या खाली मांडलं. संघातले पाच जण खाली मान घालून जेवले. साखळीत आमचा हात धरणारा जो गडी होता, तो ताट उचलून खाली आमच्याजवळ येऊन बसला. बोलला काहीच नाही. त्या पाच जणांचा आजही आम्हाला राग येत नाही, पण त्यांची नावं मात्र विसरलो नाही.

विलायतेतही हेच. यॉर्कशायर क्लबाचा अझीम रफीक २०२१ साली तिथल्या पार्लमेंटच्या समितीपुढे रडत बोलला की आपल्याला वंशावरून हिणवत होते. पुढे २०२३ ला क्लबाला चार लाख पौंड दंड झाला, बराचसा तहकूब. पण पहिल्यापासून सवाल एकच होता की शेजारी बसलेल्या सवंगड्यांनी ऐकलं होतं की नाही?

आता त्या ज्येष्ठ भाऊंच्या मुद्द्याकडे येतो. खोटं बोलायचं नाही. १९३२ साली बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते, पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत भायखळा-परळ भागात बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेबच निवडून आले आणि त्याच साली ३१ जुलैला कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. आपण दरवर्षी तिथे जातो ते त्याचसाठी. बाळूंचं राजकारण आम्हाला तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. ज्यांनी कप्तानी दिली नाही, त्यांच्याच गोतावळ्यातल्या लोकांनी बाबासाहेबांविरुद्ध त्यांचं नाव वापरलं, याचं वाईट वाटतं. पण पॅव्हिलियनच्या बाहेर उभं राहून मातीच्या भांड्यात चहा घेणारा माणूस आपलाच होता.

बैठकीत आम्ही एवढंच सांगितलं. भाऊ थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्या दोघा भावांचं नाव द्या, जे बाहेर पडले." पोरांना ते पटलं. ढालीवर 'पळवणकर बंधू' असं कोरलं. चौघंही त्यात आले.