बंगळूरचे एक मत

पोफळीच्या माणसाला 'जर-तर' करण्याचा थोडा अधिक अधिकार आहे, असे मी नेहमी म्हणतो. कोयनेचेच पाहा ना! महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. हा तिला निसर्गाने आखून दिलेला मार्ग. पण माणसाने सह्याद्रीच्या पोटात बोगदा खणला आणि तिचे पुष्कळसे पाणी आमच्या बाजूस वळवले. १९६२ पासून ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीत मिसळून चिपळूणवरून अरबी समुद्राला जाते. जे बंगालच्या उपसागराला जायचे, ते एका निर्णयाने दुसऱ्याच सागराला मिळाले! अशा गावात राहणाऱ्याने 'हे असे न घडते तर?' हे विचारू नये, तर कोणी विचारावे?

माझा आजचा प्रश्न त्या कऱ्हाडच्याच थोर पुरुषाविषयी, यशवंतराव चव्हाणांविषयी आहे. बंगळूरच्या एका बैठकीत त्यांनी दिलेले एक मत त्यांनी दुसरीकडे दिले असते, तर?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी हे हंगामी राष्ट्रपती झाले. नव्या राष्ट्रपतीसाठी उमेदवार ठरवायला काँग्रेसचे संसदीय मंडळ जुलैत बंगळूरला बसले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी राष्ट्रपतिपदी दलित समाजातला नेता बसावा, असे त्यांचे म्हणणे. पक्षातल्या ज्या जुन्या जाणत्यांना वृत्तपत्रे 'सिंडिकेट' म्हणत, त्यांना मात्र नीलम संजीव रेड्डी हवे होते. मते पडली. कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण ही चार मते रेड्डींना. इंदिराजी आणि फक्रुद्दीन अली अहमद ही दोन जगजीवनरामांना. यशवंतराव आपल्या बाजूने येतील, असा इंदिराजींचा भरवसा होता. तो खोटा ठरला.

पुढचा क्रम वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही करून दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडले आणि ते स्वतंत्र उमेदवार म्हणून मैदानात उतरले. रेड्डींचे नाव ज्यांनी स्वतः सुचवले होते, त्याच पंतप्रधानांनी त्यांच्यासाठी पक्षादेश काढण्याचे नाकारले आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले.

या सामन्यात तिसरा गडीही होता, आणि तो आपल्या कोकणचा! रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा हा ताठ कण्याचा माणूस स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभा होता.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रम लावतात, आणि प्रत्येक मताला ठरलेले मूल्य असते. त्या वर्षी एका खासदाराच्या मताचे मूल्य होते ५७६. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. विजयाला हवी होती ४,१८,१६९. कोणीच तिथवर पोचले नाही. म्हणून मागे राहिलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजाव्या लागल्या. त्यांत रेड्डींना जवळजवळ ९२ हजारांची भर पडली, गिरींना साडेअठरा हजारांची. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. गिरींकडे गेलेले तेरा खासदार रेड्डींकडे वळते, तर निकाल फिरला असता. अवघे तेरा! एखाद्या गावजेवणात एका पंगतीला याहून अधिक माणसे बसतात.

आता आपला 'जर' मांडू या. यशवंतरावांनी बंगळूरला जगजीवनरामांना मत दिले असते, तर तीन विरुद्ध तीन अशी बरोबरी झाली असती. निर्णय पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांवर येता. त्यांचा कल रेड्डींकडे होता हे खरे, परंतु पंतप्रधान आणि गृहमंत्री एका बाजूला उभे असताना केवळ आपल्या मताने उमेदवार लादणे त्यांना जड गेले असते. समजा, त्यांनी माघार घेतली आणि जगजीवनराम उमेदवार झाले. गिरी उभे राहिले असते तरी पंतप्रधानांचे बळ त्यांच्यामागे नसते. १९६७ साली एकसंध काँग्रेसने झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मतांनी निवडून आणले होते. जगजीवनरामही निवडून येते, असे मानायला हरकत नाही. म्हणजे के. आर. नारायणन् यांच्या रूपाने १९९७ साली जे घडले, ते अठ्ठावीस वर्षे आधी घडले असते.

मग काँग्रेस फुटली नसती काय? त्या नोव्हेंबरात इंदिराजींना पक्षातून काढण्यात आले आणि पक्षाची दोन शकले झाली. माझ्या मते, भांडण उमेदवाराचे नव्हतेच. सत्ता पक्षाच्या हाती असावी की पंतप्रधानांच्या, हे ते भांडण होते, आणि ते आज ना उद्या पेटलेच असते. बँकाही कदाचित सरकारकडे आल्याच असत्या, फक्त सावकाश, संसदेत रीतसर चर्चा होऊन. पण भांडणाची रीत निराळी झाली असती. आपणच सुचवलेल्या उमेदवाराला आपणच पाडायचे, आणि पाडणाऱ्याचे बळ त्याने वाढावे, हा धडा देशाच्या राजकारणाने त्या ऑगस्टात गिरवला. पक्षाच्या बैठकीत बहुमताने ठरलेल्या गोष्टीची किंमत त्या दिवसापासून उतरली, ती पुन्हा चढली असे मला दिसत नाही. मला हळहळ वाटते ती याची.

आणि चिंतामणरावांनाच काँग्रेसने उभे केले असते, तर? असे व्हायचे नव्हते. जो माणूस मंत्रिपद भिरकावू शकतो, तो आपल्या कह्यात राहील याची खात्री दोन्ही गटांना कुठून वाटावी? तो गुणच तिथे आडवा आला.

इतिहासाने मात्र एक गंमत राखून ठेवली होती. १९७७ साली तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतरावांनी मांडलेल्या अविश्वास ठरावाने मोरारजींचे सरकार कोसळले, चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. तेही सरकार ऑगस्टात गडगडले, तेव्हा जनता पक्षाचे नेते म्हणून सरकार बनवण्याची संधी मागत होते जगजीवनराम. ती नाकारून राष्ट्रपती रेड्डींनी लोकसभा विसर्जित केली! बंगळूरला ज्या दोन नावांवर मते पडली, ती दोन माणसे दहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर आली, आणि याही वेळी जगजीवनरामांच्या हाती काही लागले नाही.

दिवाळीच्या फराळाला घरी चार माणसे जमतील, तेव्हा हा डाव मांडून पाहा. प्रत्येकाने बंगळूरच्या मंडळातला एकेक सभासद व्हायचे आणि मत द्यायचे. मी यशवंतरावांच्या जागी बसून पुष्कळदा पाहिले आहे. पुढचे सारे ठाऊक असून माझे मत जगजीवनरामांकडे जाते. त्यांना मात्र पुढचे काहीच ठाऊक नव्हते, आणि मत तर त्याच दिवशी द्यायचे होते.