तळटीप : फ्लॉरेन्सचा घुमट
* वाटाड्याच्या मागोमाग ग्रंथकर्ते चढले तो जिना सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलच्या घुमटाचा असून, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, तिरप्या गुंफीने विटा रचून, एकात एक अशी दोन कवचे ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात ज्या युक्तीने उचलली, तिचा खरा प्रत्यय, ४६३ पायऱ्यांच्या त्या चढणीत वाट दोन कवचांच्या मधोमध शिरते आणि भिंती खांद्यांना घासू लागतात, तेव्हाच येतो. संगमरवरी दर्शनी भाग मात्र, वाटाड्यांचा आविर्भाव काहीही असो, प्रबोधनकालीन नव्हे. तो १८८७ साली पुरा झाला. समोरच्या बाप्तिस्मागृहाची गिबेर्तीकृत सोनेरी दारेही नक्कल आहेत. अस्सल दारे कॅथीड्रलच्या कारखान्याच्या संग्रहालयात आहेत, ती वाचकांनी अवश्य पाहावीत. — संपादक