मापाची रायफल

१९६३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भारी धान कापणीला आलं होतं आणि बोडीखालच्या बांध्यांत रोज रात्री रानडुकरं उतरत होती. डुक्कर खातं थोडं आणि नासतं फार. कळप एकदा लोळून गेला की त्या बांधीत सकाळी विळा घालायला जागा राहत नाही. आमच्या झाडीपट्टीत वर्षाचं सगळं गणित धानावर. ते गेलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरात काय शिजवायचं हा प्रश्न.

घरात आजोबांच्या वेळची दुनळी बारा बोअर होती. बाबा त्या रात्री मचाणावर बसले होते. मध्यरात्र उलटल्यावर धानात काळं काही हललं. साठेक पावलांवर असेल. बाबांनी मोठ्या छर्‍यांचा बार टाकला. जनावर ओरडलं आणि बोडीच्या काठच्या दाट गवतात शिरलं. सकाळी आमच्याकडचे म्हातारे सालगडी, ज्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो, रक्ताचा माग काढत तिकडे गेले. डुक्कर जिवंत होतं. त्यानं मामांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली.

बंडी जुंपून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. बाबांनी दुनळी खुंटीला टांगली आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "आता रायफल घ्यायची. नेमानं लागेल अशी."

बंदूक आणि रायफल यांतला फरक तेव्हा मलाही कळत नव्हता. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे सुटले की ते पसरत जातात. पाखरांसाठी ते बरं, पण डुकराच्या जाड कातड्याला दुरून दोनचार छर्रे लागले तर ते मरत नाही, पिसाळतं. त्यात गोल गोळी भरली तरी अंतर वाढलं की ती भरकटते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या खाचांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते आणि फिरकी घेतलेल्या भोवर्‍यासारखी स्थिर राहते. म्हणून ती सरळ जाते.

पण रायफल मिळणं सोपं नव्हतं. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा केला, तेव्हापासून साध्या शेतकर्‍याच्या घरात परवान्याची बंदूक म्हणजे अपूर्वाईच. आजोबांना दुनळी मिळाली ती मालगुजार म्हणून. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण बंदूक राहिली. स्वतंत्र भारताचा हत्यार कायदा झाला १९५९ मध्ये आणि लागू झाला ऑक्टोबर १९६२ पासून. बाबांनी त्या नव्या कायद्याखाली पीक राखण्यासाठी म्हणून अर्ज केला. किती फेर्‍या मारल्या त्याची मोजदाद नाही. परवाना हातात आला तेव्हा पुढचं धान निसवलं होतं.

बाबा आणि काका नागपूरला गेले. दुकानात दोन रायफली होत्या, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली.

पहिली नवी कोरी, बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली थ्री-फिफ्टीन. म्हणजे नळीचं तोंड .३१५ इंच, आठ मिलिमीटरच्या आसपास. या मापाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. इंग्रजी फौजेचं काडतूस .३०३ चं. ते चोरीला जाऊन खाजगी रायफलीत वापरलं जाऊ नये म्हणून फौजेचं माप इथल्या लोकांना बंद होतं. मग शिकारीसाठी वेगळं माप चालू झालं, तेच हे थ्री-फिफ्टीन. रायफलची आतली घडण मात्र बरीचशी फौजेच्या ली-एनफिल्डचीच. ओबडधोबड, जड, लाकडावर पॉलिश जेमतेम. एकासारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी.

दुसरी जुनी. लंडनच्या एका बंदूकवाल्यानं कोणा इंग्रज अधिकार्‍यासाठी मापं घेऊन बनवलेली, .२७५ ची. १९४७ मध्ये साहेब परत जाताना ती इथंच विकून गेला होता. हातात घेतली की फुलासारखी हलकी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर बारीक जाळीची नक्षी, चाप असा मऊ की श्वासानं सुटेल. किंमत नवीच्या जवळजवळ दुप्पट.

काका त्या वेळी नागपुरात कॉलेजात होते. ते लंडनवालीच्या प्रेमातच पडले. "दादा, कारखान्यातली म्हणजे बाजारातला तयार सदरा. ही शिंप्याकडे बसून शिवून घेतलेली आहे," असं त्यांचं म्हणणं. जिम कॉर्बेटची रायफलही असल्याच जातीची होती, हे त्यांनी दुकानातच ऐकवलं. ते खरंही होतं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बीची .२७५ चीच.

काकांनी सांगितलं नाही, आणि मला फार वर्षांनी वाचताना समजलं, ते असं की या रिग्बीच्या रायफलीचं काळीजही कारखान्यातलंच होतं. काडतूस नळीत ढकलणारा आणि बंद करणारा बोल्ट आणि त्याचं घर जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात तयार व्हायचं. माउझरची १८९८ ची घडण इतकी पक्की होती की लंडनच्या नामांकित कारागिरांनी स्वतःची वेगळी काढण्यापेक्षा तीच मागवली. त्यावर कारागिरांचा हात फिरायचा तो दस्ता गिर्‍हाइकाच्या मापाला बसवण्यात, चाप हलका करण्यात आणि गोळ्या झाडून नेम जुळवण्यात. म्हणजे कारखाना एकीकडे आणि कारागीर दुसरीकडे असं नव्हतंच. एकानं जिथं सोडलं तिथून दुसर्‍यानं धरलं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही रायफली खांद्याला लावून बघितल्या आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारले. पहिला, "हिची काडतुसं किती देता?" दुकानदारानं खरं सांगितलं. .२७५ ची काडतुसं परदेशातून यायची, आयात वर्षागणिक आवळत चालली होती आणि त्याच्याकडे दोनच डब्या शिल्लक होत्या. थ्री-फिफ्टीनची काडतुसं इथल्या सरकारी कारखान्यात होत होती. दुसरा प्रश्न असा की लंडनवाली खांद्याला लावली की मान पुढे का काढावी लागते? त्यावर दुकानदार हसला. "साहेब उंच असेल, मालक."

तेवढ्यावरही बाबा ठरवू शकले नाहीत. काकांची समजूत निघेना. बयाणा न देता दोघं परत आले आणि रात्री ओसरीवर पुन्हा तीच चर्चा. मामा काठी टेकत येऊन पायरीवर बसले होते. बाबांनी एकदम त्यांच्याकडे वळून विचारलं, "मामा, तुम्ही सांगा. पाय तुमचा गेला."

मामा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मालक, बंदूक कोनं बनवली ते डुकराले काय मालूम जी? कुठं लागली ते त्याले मालूम होते. जिची गोळी तुमाले दहा डाव झाडून पाहता येईल, ते घ्या. अन् जरा जवरून मारा."

ओसरीवर कोणी काही बोललं नाही. दुसर्‍या दिवशी बाबा एकटेच नागपूरला गेले आणि थ्री-फिफ्टीन घेऊन आले. काका चार दिवस फुगून होते.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. तलावाच्या पाळीला फळी टेकवून तिच्यावर चुन्याचा ठिपका काढला. साठ पावलांवर धानाच्या तुसाचं पोतं ठेवलं आणि त्यावर रायफल टेकवून बाबांनी तीन गोळ्या झाडल्या. मी कान दाबून पाळीवर बसलो होतो. तिन्ही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या, पण ठिपक्यापासून वीतभर डावीकडे आणि खाली. काका म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?" बाबांना उलट आनंद झाला. म्हणाले, "एका जागी लागल्या ना? मग ही चुकत नाही, हिला फक्त वाट दाखवायची आहे."

नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी निशाणावर धरायची. नागपूरच्या बंदूकमिस्त्रीनं ती हलक्या हातानं ठोकून डावीकडे सरकवली आणि कानशीनं घासून थोडी ठेंगणी केली. मला ते उलटंच वाटलं. पण नियम तसाच आहे. गोळी जिकडे जाते, माशी तिकडेच न्यायची. म्हणजे निशाण धरताना नळी आपोआप दुसर्‍या बाजूला वळते. त्याच वेळी दस्ताही मागून दोन बोटं कापून घेतला, कारण बाबा अंगानं लहानखुरे. पुन्हा फळी, पुन्हा पोतं. या खेपेला ठिपका फुटला.

पहिला पावसाळा आला आणि नेम पुन्हा ढळला. बाबा बुचकळ्यात पडले. मिस्त्रीनं कारण शोधलं. आमच्याकडच्या झडीत लाकूड फुगतं. नळीखालचं लाकूड फुगून नळीला एका बाजूनं रेटत होतं. नळी तापून थरथरते तेव्हा तिला कोणी रेटलं की गोळी वाकडी जाते. त्यानं आतलं लाकूड खरवडून कागद सरकेल एवढी फट ठेवली आणि उघड्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. त्यानंतर त्या रायफलनं बाबांना दगा दिला नाही. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती हजारांतली एक होती. वर्षाच्या आत ती बाबांच्या मापाची झाली होती.

बाबांनी फार जनावरं मारली नाहीत. चाळीस पावलांच्या पलीकडे आणि आडवं उभं असल्याशिवाय बार टाकायचा नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. कित्येक रात्री ते नुसतेच बसून परत आले. आई म्हणायची, "एवढे पैसे घातले अन् रिकामेच येता." बाबा म्हणायचे, "रिकामा येतो, पण सकाळी कोनाले गवतात पाठवावं लागत नाही."

नंतर काळ बदलला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बाकीच्या शिकारीचीही दारं बंद केली. शेजारचं नागझिरा अभयारण्य झालं, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. ते योग्यच झालं असं मी मानतो. ज्या हौशी लोकांनी जीप आणि दिव्यांच्या झोतात जंगलं रिकामी केली, त्यांच्या हातांतही उत्तमोत्तम रायफली होत्या. रायफल अचूक असली म्हणजे माणूस शहाणा होतो असं नाही. बाबांनी त्यानंतर एकही बार टाकला नाही. डुकरं मात्र अजून येतात, आणि आता आम्ही डबे वाजवतो, कुंपण घालतो, नुकसानभरपाईचे अर्ज करतो.

मामा १९८१ मध्ये गेले. शेवटपर्यंत लंगडत होते, पण धानाची राखण त्यांनी सोडली नाही.

बाबांच्या मागे परवाना माझ्या नावावर झाला. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला आहे. गेल्या वेळी ठाण्यातल्या तरुण शिपायानं ती उलटून पालटून बघितली आणि विचारलं, "काका, हिचा दस्ता असा कापलेला काहून आहे?" मी सांगितलं, माझ्या वडिलांच्या मापाचा आहे. मी त्यांच्याहून चांगला वीतभर उंच आहे. खांद्याला लावली की मला ती आखूड पडते. लाकडाचा तुकडा जोडून लांब करता येईल, मिस्त्री सांगतातही. मी तिला हात लावलेला नाही.